तिसऱ्या मिनिटाचा फॉल्ट : घरच्या ट्रेडमिलच्या नोंदी

८ जून, रविवार

वही उघडली. सातपूरला कंपनीत नवीन मशीन आलं की पहिल्या दिवसापासून लॉगबुक सुरू होतं, घरीही तेच करायचं ठरवलं. मशीन अजून आलेलं नाही. आधी गरज काय ते लिहून ठेवतो, नाहीतर दुकानात गेल्यावर दुकानदारच आपली गरज ठरवतो.

वापरणारी व्यक्ती : आई. वय ६६, उंची पाच फुटाला एखादा बोट कमी, वजन ५८. साखर आहे, गोळ्या चालू. तिडके कॉलनीतून रोज सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जायची. (पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान लिहिलंय, पण नाशिकमध्ये रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं.) मार्चमध्ये झाडांना पाणी घातलेल्या ओल्या पेव्हरवर पाय सरकला आणि मनगट दुखावलं. तेव्हापासून चालणं बंद. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.१ वरून ७.९ वर गेली. आता पुढे चार महिने पाऊस.

डॉक्टरांचं म्हणणं : पळायचं नाही, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं सपाटीवर चालायचं, रोज.

वापरणारीची तक्रार : "हॉस्पिटलात असतं ते? मला नको."

जशी म्हणाली तशी लिहिली. नव्या मशीनला ऑपरेटर आधी नाहीच म्हणतो.

१० जून

टेप घेऊन मागची खोली मोजली. ११ बाय १०, म्हणजे ३३५ बाय ३०५ सेंमी. एका बाजूला माळा आहे, त्याची खालची कड साडेसहा फुटांवर, १९८ सेंमी. माझी उंची १७६, मशीनची फळी जमिनीपासून साधारण १७ सेंमी, बुटाचे ३ धरले तर झाले १९६. चालताना डोकं चार-पाच सेंमी वर-खाली होतंच. म्हणजे आईला माळ्याखाली चालेल, मी चढलो तर कपाळमोक्ष. माळ्याखालची जागा बाद.

दुसरी अडचण मागच्या मोकळ्या जागेची. तोल गेला की पट्टा माणसाला मागे फेकतो, मागे भिंत असेल तर माणूस भिंत आणि फिरता पट्टा यांच्यात अडकतो. म्हणून मागे दोन मीटर मोकळे हवेत. १६५ सेंमीचं मशीन आणि मागे २०० म्हणजे ३६५, आणि खोली ३३५ ची. सरळ बसत नाही. तिरकं ठेवलं, पुढचं तोंड गॅलरीच्या कोपऱ्यात आणि पाठ दाराकडे, तर बसतं.

बायको : "खोलीत काही तिरकं ठेवलं की घरात सामान उतरवल्यासारखं दिसतं." मुद्दा बरोबर आहे, पण इलाज नाही.

१५ जून, रविवार

तीन दुकानं फिरलो. तिन्हीकडे पहिला प्रश्न "किती बजेट आहे सर?" चालणार कोण, ते कोणी विचारलं नाही.

एका मशीनवर लाल अक्षरांत "४ एचपी". मी मागे जाऊन वायर बघितली. साधी ६ अँपिअरची तीन पिनांची टॉप. आता १ एचपी म्हणजे ७४६ वॉट, चार म्हणजे २९८४. ६ अँपिअरच्या टॉपमधून २३० व्होल्टला फार तर १३८० वॉट जातील. मग ४ एचपी येतात कुठून? विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "सर, ते पीक आहे." पीक म्हणजे मोटर क्षणभर जो जोर मारते तो. मशीन घेताना बघायचा तो सलग चालण्याचा एचपी, तो कागदपत्रात बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. चालणाऱ्याला सलग दीड एचपी पुरतो. पळणाऱ्याला अडीच-तीन लागतात.

पट्ट्याची रुंदीही मोजून घेतली. स्वस्तातल्या मशीनचा ३६-३७ सेंमी निघाला. त्यावर चालायचं म्हणजे बांधावरून चालल्यासारखं, लक्ष सगळं पायात. आईला ४० च्या खाली नको. त्या मापाचं, हाताने चढ बदलायचं, साधं मशीन ३४ हजार. हप्ते करून देतो म्हणाले. मसाजर फुकट. मसाजर पाहिला, पट्टा लावून पोट हलवायचं यंत्र. नको म्हटलं.

१८ जून

कंपनीतल्या एकाच्या ओळखीत इंदिरानगरला एक मशीन आहे. तीन वर्षं जुनं, घरातले पुण्याला शिफ्ट होतायत. १५ हजार सांगतात.

२२ जून, रविवार

इंदिरानगरला जाऊन आलो. सोबत मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा), टॉर्च, ॲलन कीचा सेट. घरमालकांनी आधी चहा दिला आणि मग मी मशीनवर पालथा पडलेला बघून थोडे गोंधळले.

जुनं मशीन बघताना मी जे बघितलं :

बंद असताना पट्टा हाताने ओढून पाहिला. जड जातोय. मध्ये धरून उचलला, सात सेंमीच्या वर उठला, म्हणजे सैल. पाच ते सात ठीक.

फळीवर मध्यभागी, पाय पडतात तिथे, पट्ट्याखाली हात घालून नख फिरवलं. गुळगुळीत आहे, खड्डा नाही. फळी गेली की मशीन गेलं.

पुढचा आणि मागचा, दोन्ही रोलर हाताने फिरवून कान लावला. बेअरिंग गप्प.

मग चालू केलं. रिकामं ताशी ४ वर ठेवून क्लॅम्प लावला, नंतर मी स्वतः चढलो. करंट ४.४ अँपिअर. माझा क्लॅम्प साधा आहे आणि या मोटारीचा कंट्रोलर करंट तुकड्या-तुकड्यांत घेतो, त्यामुळे आकड्यावर फार भरवसा नाही, पण चालण्याच्या वेगाला हे जास्तच. घर्षण आहे.

"तेल घालता का?" मी विचारलं.

"दर महिन्याला न चुकता," ते म्हणाले. आणि बाटली आणून दाखवली. शिलाई मशीनचं तेल.

मी काही बोललो नाही. पट्ट्याखाली सिलिकॉन तेलच लागतं. पेट्रोलियमचं तेल पट्ट्याच्या खालच्या कापडी थराला फुगवतं, चिकट करतं, धूळ धरतं. माणसाने मनापासून तीन वर्षं सेवा केली आणि त्या सेवेनेच पट्टा मारला.

पट्टा बदलायचा खर्च धरून साडेतेरा हजारांवर ठरलं.

२९ जून, रविवार

छोटा हत्ती ७०० रुपये, दोन हमाल ६००. आमची बिल्डिंग जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मशीन ६२ किलो. जिन्याच्या वळणावर अडकणार हे मी आधी मोजून ठेवलं होतं. म्हणून निघतानाच वरचा पॅनेल आणि दोन्ही खांब सोडवले, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरून पिशवीवर जागा लिहिली. पॅनेलमधून खाली जाणारी वायर सोडवताना फोटो काढले. तरी हमालांनी वळणावर मशीन उभं केलंच आणि पुढचं प्लास्टिकचं कव्हर भिंतीला घासलं. भिंतीचा रंग कव्हरला, कव्हरचा काळा भिंतीला.

जिन्यात सेक्रेटरी काका भेटले. "स्लॅबला झेपेल ना रे?" रास्त प्रश्न आहे. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात. मशीनने व्यापलेली जागा साधारण सव्वा चौरस मीटर, म्हणजे अडीचशे किलो. मशीन ६२, मी ८० च्या आत, मिळून १४२ च्या वर जात नाही. काकांना आकडा पटला, पण जाताना म्हणाले, "पळू मात्र नका."

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. जवळ आली नाही.

१ जुलै

पुढचं कव्हर उघडलं. मोटारीवर तीन वर्षांची धूळ, केस आणि एक राखीचा दोरा. ब्लोअर मारला. मोटारीचे कार्बन ब्रश काढून मोजले : ९ आणि १० मिमी उरलेत. अजून चालतील, पण उघडलंच आहे तर बदलून टाकतो. अंबडला रिवाइंडिंगवाल्याकडे जोडी २४० रुपये. जुना कार्बन नमुन्याला घेऊन गेलो. माप तोंडी सांगून कार्बन आणणारा माणूस दोनदा पेट्रोल जाळतो.

३ जुलै

वीज. खोलीत आहे तो ६ अँपिअरचा पॉइंट, तोही ट्यूबलाइटच्या लाइनवर. एक्स्टेंशन बोर्ड लावायचा नाही हे पक्कं. वायरमन आला. "साहेब, अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरने भागंल, पण पुढंमागं तिथं एसी लावाल, चारचीच ओढतो." ओढू दिली. १६ चा सॉकेट, वेगळा एमसीबी, मजुरीसकट २९०० रुपये.

वायरमन चहा पीत होता तेव्हा मी सॉकेटमध्ये मीटर घातला. फेज-न्यूट्रल २३४. फेज-अर्थ २२१. न्यूट्रल-अर्थ ११.

अकरा व्होल्ट. दोन-तीनच्या वर असायला नको. ट्रेडमिलमध्ये पट्टा फळीवर घासून स्थिर वीज तयार होते, ती आणि मोटारीतली गळती जायला वाट अर्थिंगचीच. अर्थिंग नसेल तर हँडलला हात लावला की झिणझिणी, नाहीतर कंट्रोल बोर्ड उडणं, नाहीतर त्याहून वाईट.

खाली जाऊन बिल्डिंगचा अर्थिंगचा खड्डा शोधला. त्यावर कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवलेली. कुंडी हलवली, झाकण उचललं, आत वायरचा लग गंजून हिरवा पडलेला. घासला, नवा नट-बोल्ट घातला, खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. वर येऊन मोजलं : १.८. तुळस शेजारी सरकवून ठेवली. सेक्रेटरी काकांना सांगितलं की यापुढे उन्हाळ्यात तरी पाणी घालत जा. ते म्हणाले, "तुळशीला घालतच होतो."

रात्री मुसळधार. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला त्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर. आई खिडकीतून पाऊस बघत बसली होती. घरातल्या घरात तिने हॉल ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या मारल्या. मी मोजल्या नाहीत, पण पाऊण तास चाललं असेल. मशीनच्या खोलीत वळत नव्हती, दारातून परत फिरायची.

६ जुलै, रविवार

पट्टा बदलला. दिवसभराचं काम. नवा पट्टा मुंबईहून मागवला होता, ३२०० रुपये. पट्ट्याचं माप देताना रुंदी आणि पूर्ण वळशाची लांबी द्यायची. वरची दिसणारी लांबी देऊन उपयोग नाही. माझा ४२ बाय २६२ सेंमी.

क्रम लिहून ठेवतो. प्लग काढून पाच मिनिटं थांबायचं, बोर्डावरच्या कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. मागच्या दोन बोल्टवर मार्करने खूण करायची आणि ते किती फेरे सैल केले ते मोजायचं. दोन्ही बाजूच्या पायपट्ट्या काढायच्या. पुढचा रोलर सोडवून मोटारीचा छोटा खाचांचा बेल्ट उतरवायचा. फळीचे स्क्रू काढायचे, फळी उचलायची, जुना पट्टा मोज्यासारखा ओढून काढायचा.

जुन्या पट्ट्याची खालची बाजू बघून बायको म्हणाली, "हे तर कढई पुसलेलं फडकं." अगदी तसंच. काळं, चिकट, मध्ये चकाकी आलेली.

फळी उलटवली. खालची बाजू कोरी होती, दोन्हीकडून सारखाच गुळगुळीत थर. म्हणजे आयुष्यात एकदा उलटवायची सोय आहे. चिकटपणा असलेली बाजू खाली गेली. नवा पट्टा, बाण पुढून मागे. फळीवर सिलिकॉन तेल ३० मिली, मध्यभागी नागमोडी. जास्त घालायचं नाही, पट्टा पायाखाली घसरतो आणि कडेने बाहेर येऊन फरशीही तेलकट होते.

संध्याकाळी मी चढलो, ताशी ४. तोच क्लॅम्प, तोच मी : २.३ अँपिअर. निम्म्यावर आलं. आकड्यावर भरवसा नसला तरी फरकावर आहे.

७ जुलै

पट्टा उजवीकडे सरकतोय. अशा वेळी लगेच ॲलन की हातात घेणं ही चूक. आधी जमीन बघायची. स्पिरिट लेव्हल ठेवली तर गॅलरीकडे उतार. बरोबरच आहे, पाणी बाहेर जावं म्हणून मिस्त्रीने दिलेला. पुढचा एक पाय ६ मिमी उचलला तेव्हा लेव्हल आली. तरी थोडा सरकत होता. मग उजवीकडचा मागचा बोल्ट पाव फेरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पट्टा ज्या बाजूला जातो त्या बाजूचा बोल्ट आवळायचा, म्हणजे तो दुसरीकडे जातो. पाव फेरा आणि दोन मिनिटं थांबणं. अर्धा फेरा देणाऱ्याचा पट्टा दुसऱ्या कडेला जाऊन घासतो, आणि मग तो माणूस दिवसभर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे करत बसतो. मी केलंय कंपनीत, कन्व्हेयरवर.

९ जुलै

वेग तपासला. पट्ट्यावर खडूने आडवी रेघ मारली, मुलीला मोबाइलवर मिनिट लावायला सांगितलं, मी फेऱ्या मोजल्या. पॅनेलवर ताशी ४.०. एका मिनिटात रेघ २४ वेळा आली. २४ गुणिले २.६२ म्हणजे ६२.८८ मीटर. ताशी ३.७७ किमी. म्हणजे पॅनेल साधारण सहा टक्के फुगवून सांगतंय. मनावर घेण्यासारखं नाही, पण वहीत खरा वेग लिहायचा. मुलगी म्हणाली, "म्हणजे मशीन शायनिंग मारतं."

११ जुलै

आईचा नैसर्गिक वेग हवा होता. पाऊस उघडल्यावर कॉलनीच्या रस्त्यावर १०० मीटर टेपने मोजले आणि तिला म्हटलं, दुकानापर्यंत चल. ९७ सेकंद. मिनिटाला १०८ पावलं. ताशी ३.७, पाऊल ५७ सेंमी. ६६ व्या वर्षी झकास. मनगट सोडलं तर बाईला काही झालेलं नाही.

१३ जुलै, रविवार

पहिली चाचणी. नारळ फोडला (सासूबाईंनी फोनवर आठवण केली म्हणून). सुरुवातीचे नियम : दोन्ही पाय कडेच्या पट्ट्यांवर ठेवून उभं राहायचं, मशीन सुरू झाल्यावर पट्ट्यावर यायचं. लाल चावीची दोरी कपड्याला लावायची, ती निघाली की मशीन बंद.

आई चढली. पॅनेलवर १.५. नंतर २. नंतर २.५. हँडल दोन्ही हातांनी असं धरलं होतं की बोटं पांढरी. तीन मिनिटांच्या आसपास "बस, बस" म्हणाली. बंद केलं. उतरल्यावर दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "जमीन पुढे पळतेय रे." ते होतं सगळ्यांना. डोळ्यांना आणि पायांना एक मिनिट लागतं.

१४ जुलै

४ मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला हँडल घट्ट धरलं.

१५ जुलै

३ मिनिटं १० सेकंद. "पाय दुखतात."

१६ जुलै

पावलं मोजली. पॅनेल २.५, खरा वेग ताशी २.३६. मिनिटाला ९६ पावलं, म्हणजे पाऊल ४१ सेंमी. रस्त्यावर ५७ आणि इथे ४१. पट्ट्यावर पाऊल थोडं आखूड पडतंच, पण इतकं नाही. एखाद्या गोष्टीला बिचकत चालल्यासारखं.

१८ जुलै

गडबड झाली असती. आईने आज साडी नेसली होती, कुठे तरी हळदीकुंकू होतं. तशीच चढली. दोरीची चिमटी पदराला लावलेली. थोड्या वेळाने पदर खांद्यावरून घसरला, चिमटी पदरासकट खाली आली, आणि पदराचं टोक मागच्या रोलरच्या दिशेने पट्ट्यावर जाऊ लागलं. दोरी ताणलीच नाही, कारण पदर तिच्यासोबत खाली येत होता. बायकोने ओरडून चावी उपटली. नियम बदलला : मशीनवर पंजाबी ड्रेसच, चिमटी कमरेच्या नाडीला, ओढणी बाहेर खुंटीला. बुटांच्या लेस आत. आणि चावी वापर नसताना माझ्या कपाटात, कारण शेजारची दोन पोरं मागच्या रोलरला बोटं लावून बघत होती.

वीज गेल्याची रंगीत तालीमही केली. मी २ वर चालत असताना मुलीने सॉकेटचा बटण बंद केला. पट्टा झटका न देता थांबला, एक-दीड पाऊल लागलं. पावसाळ्यात हे होणारच, म्हणून आईलाही एकदा दाखवलं. यावेळी ती घाबरली नाही. हसली.

थांबणारं मशीन बघून हसते आणि चालणाऱ्यावर तिसऱ्या मिनिटाला घट्ट धरते. हे काय आहे?

२० जुलै, रविवार

फॉल्ट सापडला.

कंपनीत एखादा फॉल्ट ठरावीक वेळाने येत असेल तर आम्ही विचारतो, त्या वेळेला नेमकं काय होतं? आज मी आईच्या बाजूला उभा राहून घड्याळ लावलं. २:४० ला तिची नजर पॅनेलवर गेली. २:५० ला बोटं आवळली. ३:०० ला खांदे वर. मशीनमध्ये तीन मिनिटांनी काहीही बदलत नाही. वेग तोच, आवाज तोच.

"आई, तीन मिनिटांनी काय होतं?"

"आता ते वर जाईल ना."

"काय वर जाईल?"

"पट्टा. तिथं हॉस्पिटलात तसंच झालं. तीन मिनिटं झाली की वर उचलायचा आणि जोरात पळवायचा. मी म्हटलं थांबवा, तर ती पोरगी म्हणे आजी, अजून थोडं."

चार वर्षांपूर्वी छातीत दुखलं म्हणून टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी, केली होती. छातीला वायरी चिकटवून. रिपोर्ट नॉर्मल आला, आम्ही सगळे विसरलो. ती विसरली नाही. तिने आयुष्यात चाललेला एकमेव ट्रेडमिल तो.

आणि ती बरोबरच सांगत होती. टीएमटीचा क्रम ठरलेला असतो. बहुतेक ठिकाणी रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडलेलीच पद्धत वापरतात. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किमी, पण १० टक्के चढावर. तीन मिनिटं झाली की ४ किमी आणि १२ टक्के. पुढच्या तीन मिनिटांनी साडेपाचच्या आसपास आणि १४ टक्के. माणूस थकेपर्यंत वाढवत न्यायचं, कारण हृदयावर ताण आल्यावर काय होतं तेच बघायचं असतं. तिथे हृदयाचे ठोके पुरेसे वाढले तरच तपासणी पुरी होते.

पहिल्या दिवसाची नोंद उघडली. "हॉस्पिटलात असतं ते? मला नको." माझ्याच अक्षरात. सहा आठवडे मी अर्थिंग मोजत होतो, करंट मोजत होतो, आणि ऑपरेटरने पहिल्याच दिवशी फॉल्ट सांगितला होता.

२१ जुलै

मशीन तिरकं पाडलं आणि आईला खाली बसवून दाखवलं. आपल्या मशीनला चढ बदलायची मोटर नाहीच. मागच्या पायाला तीन भोकं आहेत, त्यात पिन घालायची, हातानेच. सध्या पिन मधल्या भोकात होती, आधीच्या घरातून तशीच आलेली. म्हणजे थोडा चढ खरंच होता, आणि मी लेव्हल लावताना फक्त डावं-उजवं बघितलं होतं. पिन काढली, सर्वांत सपाट भोकात घातली. आई म्हणाली, "मी घालू?" तिला घालायला दिली. दोनदा काढून दोनदा घातली.

पॅनेलवरचा वेळ दाखवणारा आकडा पांढऱ्या चिकटपट्टीने झाकला.

संध्याकाळी ७ मिनिटं. हात हँडलवर, पण बोटं सैल.

२२ ते २६ जुलै

८, ८, ११, १०, १४. शनिवारी चिकटपट्टी तिने स्वतःच काढली. "किती झालं ते कळायला नको का?"

२७ जुलै, रविवार

खालच्या मावशी वर आल्या. "रात्री साडेनऊला काय दळता का हो?" आवाज मोटारीचा नाही, पावलांचा आहे, स्लॅबमधून खाली उतरतोय. आधी योगा मॅटसारखी मऊ फोमची मॅट घातली होती, त्यावर मशीन डुलत होतं आणि आवाज तसाच. ती काढली. सातपूरहून १० मिमीची जाड, टणक रबरशीट आणली, १८०० रुपये. मशीन आणखी कोपऱ्याकडे, कॉलमजवळ सरकवलं. स्लॅब मधोमध जास्त हलतो, बीम-कॉलमजवळ कमी. दळण थांबलं असं मावशी म्हणतात. शिवाय आईने वेळ साडेआठची केली, मालिकेच्या आधी.

२९ जुलै

हिशेब. मशीन १३५००, पट्टा ३२००, कार्बन २४०, सिलिकॉन तेल ३५०, वायरिंग २९००, रबर १८००, टेम्पो ७००, हमाल ६००. एकूण २३२९०. नवीन ३४ हजारांचं घेतलं असतं तरी वायरिंग आणि रबर लागलंच असतं. माझ्या रविवारांचे पैसे धरलेले नाहीत, बायकोने धरलेत.

३ ऑगस्ट, रविवार

पॅनेल ३.४, खरा वेग ताशी ३.२. १८ मिनिटं. एक हात हँडलवर, एक मोकळा. पावलं १०४, म्हणजे पाऊल ५१ सेंमी.

उघडीप होती म्हणून सकाळी गोल्फ क्लबवरही गेली, दोन फेऱ्या. ओल्या जागी गवतातून गेली म्हणे.

१० ऑगस्ट, रविवार

तेल तपासलं. मशीन बंद करून पट्ट्याखाली कडेपासून हात घातला, बोटांना ओलसर लागलं. अजून नको.

वहीत आज माझ्या आधीच एक नोंद आहे, पेन्सिलने :

"८ ऑगस्ट. २२ मिनिटे. जेवल्यावर. डावीकडून टक् टक् आवाज येतो, जोरात चालले की जास्त. बघणे."

बघितलं. डाव्या पायपट्टीचा मागचा स्क्रू सैल झाला होता. आवळला. खाली "केले" लिहून सही केली.